एंटर मारलं की जुनं वजन: डब्ल्यूपीएफ बाइंडिंगचा सारखा परत येणारा घोळ

"भाऊ, थे मशीन पुन्हा मागचंच वजन छापून राह्यलं."

नागपूरच्या कळमन्यातल्या मिरची बाजारातल्या एका आडतीवरून हा फोन एकाच हंगामात मला चार वेळा आला. चारही वेळा मी सीताबर्डीतल्या आमच्या खोलीत बसून एनीडेस्कने (दूरचं कॉम्प्युटर चालवायच्या प्रोग्रामने) त्यांच्या मशीनवर गेलो, एक पट्टी (शेतकऱ्याला द्यायचं मालाचं बिल) करून पाहिली, ती बरोबर निघाली, आणि "काका, आता होतंय बघा" म्हणून फोन ठेवला. पाचव्या वेळी मुनीमकाका वैतागले. म्हणाले, "तुमच्या हातानं बरोबर होते, माह्या हातानं चुकते. मशीन काय माणूस पाहून काम करते?"

खरं तर दुखणं कुठे आहे ते त्यांनी त्या एका वाक्यात सांगून टाकलं होतं. मला ते कळायला कळमन्याला जावं लागलं.

हे लिहून ठेवतोय ते अशासाठी की हा घोळ एकदा दुरुस्त करून मिटला नाही. रूप बदलून तो परत परत आला, आणि दर वेळी त्याला वाट करून दिली होती ती माझ्याच आधीच्या दुरुस्तीने. सी शार्प ही भाषा आणि डब्ल्यूपीएफ हे विंडोजच्या खिडक्या बांधायचं मायक्रोसॉफ्टचं साधन वापरून लिहिलेली बिलिंगची, गोदामाची, दवाखान्याच्या नोंदींची डेस्कटॉप ॲप्लिकेशन्स आपल्याकडे अजून भरपूर चालतात. डब्ल्यूपीएफ २००६ साली डॉटनेट ३.० बरोबर आलं, तरी काउंटरवरच्या माणसाला ब्राउझरपेक्षा हेच सोयीचं पडतं. तुमच्याही एखाद्या गिऱ्हाइकाकडे "कधी कधी जुना आकडा सेव्ह होतो" अशी तक्रार असेल, तर पुढचं वाचा.

मिरचीच्या हंगामात त्या बाजारात पाय ठेवला की पहिल्या पाच मिनिटांत शिंका सुरू होतात. काकांच्या तोंडाला रुमाल, कीबोर्डच्या फटीफटीत लाल भुकटी, आणि माऊस? तो मॉनिटरच्या मागे वायरीला लटकलेला. भुकटीने त्याचं चाक अडकायचं म्हणून त्यांनी तो वापरणंच सोडलं होतं. उजवा हात नंबरपॅडवर, डावा टॅबवर. नाव, वाण, भाव, वजन, पोती, शेरा, एंटर. प्रिंटर कुरकुरतो, पट्टी बाहेर. असा वेग मी आमच्या ऑफिसात कुणाच्या हातात पाहिलेला नाही.

एनीडेस्कवर मला स्क्रीन दिसत होती, हात दिसत नव्हते. मी दर वेळी नवी पट्टी उघडायचो, आकडे भरायचो आणि "जतन करा" या बटणावर माऊसने क्लिक करायचो. काका एंटर मारायचे. फरक एवढाच होता.

आणखी एक बारकावा तिथे बसल्यावर कळला. नवी पट्टी त्यांचीसुद्धा बरोबर यायची. चुकायची ती एकाच शेतकऱ्याचे दोन-तीन ढीग असले तर. सेव्ह झाल्यावर नाव, वाण, भाव तसंच ठेवायचं आणि कर्सर थेट वजनावर न्यायचा, ही सोय आम्हीच त्यांना करून दिली होती. काका दुसऱ्या ढिगाचं वजन टाकून तिथूनच एंटर मारायचे, आणि छापून यायचं पहिल्या ढिगाचं वजन. तिसऱ्यालाही तेच. पहिल्या ढिगाच्या वेळी ते टॅब मारत शेऱ्यापर्यंत जात, म्हणून तो सुटत होता.

बहुतेक शेतकऱ्यांचा एकच ढीग असतो. त्यामुळे तक्रार "कधी कधी" अशी ऐकू यायची. बाइंडिंगच्या (स्क्रीनवरचा रकाना आतल्या आकड्याशी बांधणाऱ्या दुव्याच्या) बाबतीत "कधी कधी" हा शब्द आला की मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो: शेवटचा हात कोणत्या रकान्याला लागला होता, आणि तिथून बाहेर पडलात का?

नेमकं काय होत होतं

टेक्स्टबॉक्समध्ये (टाइप करायच्या चौकटीत) दिसणारा आकडा आणि व्ह्यूमॉडेलमधला (खिडकीमागे आकडे धरून ठेवणाऱ्या कोडमधला) आकडा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बाइंडिंग त्यांच्यात ने-आण करतं. पण ही ने-आण केव्हा करायची ते अपडेटसोर्सट्रिगर ठरवतो. बहुतेक प्रॉपर्टींसाठी तो मुळातच प्रॉपर्टीचेंज्ड असतो, म्हणजे बदल झाला की लगेच. टेक्स्टबॉक्सची टेक्स्ट ही प्रॉपर्टी मात्र अपवाद: तिथे तो लॉस्टफोकस असतो. रकान्यातून बाहेर पडाल तेव्हा आकडा खाली जाईल. यामागचा विचार चुकीचा नाही. दर अक्षराला खाली धावत सुटायचं नाही, आणि माणसाला खोडून दुरुस्त करायची उसंत द्यायची.

आता बटण. माऊसने बटण दाबलं की आधी फोकस (कीबोर्डचा ताबा) बटणाकडे जातो, टेक्स्टबॉक्सचा फोकस सुटतो, आकडा व्ह्यूमॉडेलमध्ये उतरतो, मग माऊस सोडल्यावर क्लिक होतं. क्रम आपोआप नीट लागतो. पण बटणाला इजडिफॉल्ट (एंटर म्हणजे हेच बटण) लावलेलं असलं, की एंटरने ते बटण फोकस न घेताच चालतं. कर्सर वजनातच असतो. सेव्हची कमांड व्ह्यूमॉडेलला वजन विचारते, आणि व्ह्यूमॉडेल प्रामाणिकपणे मागचं वजन सांगतं.

कंट्रोल एसचा शॉर्टकट लावला असेल तर तिथेही हेच. टूलबार आणि मेनू यांची गंमत तर याहून वाईट: त्यांचा फोकस-स्कोप वेगळा असतो, त्यामुळे टूलबारवरचं बटण माऊसने दाबलं तरी टेक्स्टबॉक्सचा लॉस्टफोकस घडत नाही. म्हणजे "माऊसने बरोबर, एंटरने चूक" ही खूणसुद्धा तिथे मिळत नाही.

खात्री करायला सोपा मार्ग: वजनाच्या सेटरमध्ये (व्ह्यूमॉडेलमध्ये आकडा ठेवणाऱ्या कोडमध्ये) एक आणि सेव्हच्या कमांडमध्ये एक, अशा डीबग डॉट राइटलाइनच्या दोन ओळी टाका. माऊसने केलं तर आधी "वजन" मग "सेव्ह". एंटरने केलं तर नुसतं "सेव्ह", आणि "वजन" येतं ते पुढे कधीतरी, कर्सर हलल्यावर. क्रम उलटा दिसला की पुढे शोधायचं काही उरत नाही.

खूण त्याहूनही आधी, स्क्रीनवरच होती म्हणा. वजन गुणिले भाव ही रक्कम बाजूला दिसत असते, ती व्ह्यूमॉडेलवरून येते. काका नवं वजन टाकत होते तेव्हा ती रक्कम हलतच नव्हती. वजन नवं, रक्कम जुनी, दोन्ही एकाच खिडकीत, एक वीतभर अंतरावर. आम्ही दोघेही रोज ते पाहत होतो. ती चूक पकडली एका शेतकऱ्याने, पट्टी हातात घेऊन, बोटांवर हिशेब करून.

पहिला उपाय, आणि गायब झालेलं टिंब

उपाय उघड होता. वजनाच्या बाइंडिंगवर अपडेटसोर्सट्रिगर बदलून प्रॉपर्टीचेंज्ड केला. एंटर मारून पाहिलं, बरोबर. रक्कमही टाइप करता करता हलायला लागली, काका खूश. मी शिंकत शिंकत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "टिंब उमटतच नाही ना भाऊ."

साडेबारा क्विंटल टाकायला गेले की एक, दोन, टिंब, पाच यातलं टिंब नाहीसं व्हायचं आणि साडेबाराचे सव्वाशे व्हायचे. जुन्या वजनापेक्षा हे परवडलं म्हणायचं, कारण सव्वाशे क्विंटल कुणाच्याही डोळ्यात भरतं. पण दर वेळी सव्वाशेच होतात असं नाही. एक पूर्णांक दोनऐवजी कुठे बारा झाले तर कोण बघतंय.

याचं कारण डॉटनेट ४.५ मध्ये झालेल्या एका बदलात आहे. तुम्ही "१२." इथवर टाइप केलंत की प्रॉपर्टीचेंज्डमुळे तो मजकूर ताबडतोब खाली जातो, त्याचा डेसिमल (दशांश चालणारी संख्या) होतो १२. मग टेक्स्टबॉक्स व्ह्यूमॉडेलला विचारतो, काय ठरलं? उत्तर येतं १२. तो आपला मजकूर "१२" करून टाकतो. टिंब गेलं. ४.० पर्यंत टेक्स्टबॉक्स असं परत विचारत नसे, त्यामुळे जुन्या प्रोजेक्टमध्ये वर्षानुवर्षं चाललेला कोड ४.५ किंवा पुढच्या आवृत्तीवर नेला की अचानक टिंब खायला लागतो. त्याच बाइंडिंगवर दोन दशांश स्थळांचं स्ट्रिंगफॉरमॅट (आकडा कसा दाखवायचा त्याचा साचा) असेल तर आणखी मजा: पहिला आकडा टाइप केला की लगेच पुढे टिंब-शून्य-शून्य चिकटतं आणि कर्सर भलतीकडे राहतो.

जुनी वागणूक परत आणता येते. फ्रेमवर्ककम्पॅटिबिलिटीप्रेफरन्सेस या क्लासवर कीपटेक्स्टबॉक्सडिस्प्लेसिंक्रोनाइज्डविथटेक्स्टप्रॉपर्टी नावाची, श्वास लागेल एवढ्या लांबीची एक स्विच आहे. ती फॉल्स करायची. पण ती ॲपच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, पहिली खिडकी उघडायच्या आधी करा. एकदा ती वाचली गेली की कुलूपबंद होते आणि नंतर बदलायला गेलात तर एक्सेप्शन येतं. शिवाय ती अख्ख्या ॲपला लागू होते. छोट्या ॲपला चालेल. आमच्यात चाळीसेक खिडक्या, त्यातल्या काही माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेल्या, त्यामुळे मी हात लावला नाही.

दुसरा उपाय, जो करायलाच नको होता

माझ्या जोडीदाराने सुचवलं: डिले लाव. ४.५ पासून बाइंडिंगवर डिले देता येतो. ४०० लिहिलं की टाइप करणं थांबल्यावर ४०० मिलिसेकंदांनी आकडा खाली जातो. टिंब आणि त्यानंतरचा आकडा तेवढ्यात पडून जातात, म्हणून टिंब वाचतं. करून पाहिलं, छान चाललं. चार दिवस फोन नाही.

पाचव्या दिवशी तोच फोन, तीच तक्रार: मागचंच वजन. आणि या वेळी खरोखरच "कधी कधी".

आता तुमच्या लक्षात आलं असेल. शेवटचा आकडा आणि एंटर यांच्यात काकांना ४०० मिलिसेकंद लागत नाहीत. घड्याळ पूर्ण व्हायच्या आत सेव्ह होऊन जायचं. मी टाइप करतो एका बोटाने, विचार करत. माझ्याकडून एकदाही चुकलं नाही. म्हणजे पहिला घोळ निदान ठरावीक रीतीने घडत तरी होता. हा मी बोटांच्या वेगावर सोपवून बसलो होतो. शोधण्याच्या यादीवर गाळणी लावायची असेल, दर अक्षराला डेटाबेसला त्रास द्यायचा नसेल, तिथे डिले उत्तम. जिथे एंटरने पैशाचा हिशेब पक्का होतो तिथे तो लावू नये.

शेवटी जे टिकलं

वजनाचं बाइंडिंग मुकाट्याने परत लॉस्टफोकसवर आणलं. म्हणजे टिंबाचा प्रश्नच मिटला. मग खिडकीच्या प्रिव्ह्यूकीडाउन या इव्हेंटमध्ये चार ओळी लिहिल्या: दाबलेली कळ एंटर असेल तर कीबोर्ड डॉट फोकस्डएलिमेंट काय आहे ते बघ, तो टेक्स्टबॉक्स असेल तर गेटबाइंडिंगएक्स्प्रेशनने त्याच्या टेक्स्टचं बाइंडिंग काढ, ते नल (म्हणजे काहीच नाही) नसेल तर त्याच्यावर अपडेटसोर्स बोलाव. बस.

प्रिव्ह्यूचे इव्हेंट खिडकीकडून आत उतरत येतात आणि डिफॉल्ट बटणाची पाळी त्यानंतर येते, म्हणून आकडा आधी खाली पोहोचतो आणि मग सेव्ह चालतं. फक्त एक गोष्ट सांभाळा: तिथे हँडल्ड ट्रू करू नका, नाहीतर एंटर तिथेच गडप होईल आणि काका म्हणतील एंटरच चालेना. नल तपासणंही विसरू नका. बाइंडिंग नसलेला एखादा टेक्स्टबॉक्स निघतोच कुठेतरी.

कंट्रोल एस आणि टूलबारसाठी हाच तुकडा एका छोट्या स्टॅटिक मेथडमध्ये घालून सेव्हच्या आधी बोलावतो. टूलबारचं बटण कीबोर्ड फोकस स्वतःकडे ओढू शकतं, म्हणून तिथे फोकसमॅनेजरकडून खिडकीच्या स्कोपमधला फोकस असलेला घटक विचारायचा. डेटाग्रिड असेल तर कमिटएडिट आधी सेलसाठी आणि मग रांगेसाठी, असं दोनदा करतो.

रक्कम टाइप करता करता हलत नाही म्हणून काका थोडे हिरमुसले. एंटरने हलते एवढ्यावर तडजोड झाली. आणि मी आता पट्टीची कोणतीही खिडकी तपासताना माऊसची वायर काढून ठेवतो.

लाल चौकट आली तरी सेव्ह होतंय

हे वेगळं दुखणं, पण लक्षण अगदी तेच, म्हणून इथेच सांगतो. वजनाचा रकाना पूर्ण खोडला आणि एंटर मारलं. रिकाम्या मजकुराचा डेसिमल होत नाही. टेक्स्टबॉक्सभोवती लाल चौकट येते, आणि व्ह्यूमॉडेलमध्ये काहीच जात नाही. काहीच जात नाही म्हणजे काय? मागचा आकडा तिथेच बसून राहतो. सेव्हची कमांड त्याला बघते, तो शून्यापेक्षा मोठा आहे, चालू द्या. व्ह्यूमॉडेलमधल्या तपासणीला हे कधीच पकडता येणार नाही, कारण चूक तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

यावर दोन मार्ग. एक, खिडकीतल्या रकान्यांवर व्हॅलिडेशन डॉट हॅजएरर बघून सेव्ह अडवणं. दुसरा, व्ह्यूमॉडेलमध्ये वजन स्ट्रिंग म्हणून घेणं आणि डेसिमल आपण स्वतः करणं. पहिल्याला कोड कमी लागतो. मला दुसरा आवडतो, कारण मग "वजन नीट टाका" हे मराठीत सांगता येतं. प्रॉपर्टी नलेबल करून चालवायची असेल तर बाइंडिंगवर टार्गेटनलव्हॅल्यू रिकामी द्या, नाहीतर रिकामा रकाना नल होत नाही, लालच होतो.

याच्याच शेजारचा एक खास आपला प्रकार: शेतकऱ्याचं नाव मराठीत लिहिलं, कीबोर्ड मराठीवरच राहिला, आणि वजन देवनागरी अंकांत उमटलं. माणसाला १२ म्हणजे बाराच दिसतात. डॉटनेटच्या डेसिमल डॉट पार्सला मात्र देवनागरी अंक चालत नाहीत, त्याला इंग्रजी अंकच लागतात. परत लाल चौकट, परत आतमध्ये जुना आकडा. मी कन्व्हर्टरच्या (मजकूर आणि आकडा यांची अदलाबदल करणाऱ्या तुकड्याच्या) कन्व्हर्टबॅकमध्ये एकेक अक्षर घेऊन ते अंक असेल तर चारयुनिकोडइन्फोच्या गेटडेसिमलडिजिटव्हॅल्यूने त्याची किंमत काढतो आणि मग पार्स करतो. टिंबाला हात लावायचा नाही. दहा ओळींचं काम.

स्क्रीनवर अमेरिका, कागदावर नागपूर

स्क्रीनवर रक्कम दिसायची १८४,५०० आणि छापील पट्टीवर १,८४,५००. तारीख तर आणखी धोक्याची: ३ एप्रिल स्क्रीनवर ४/३ होऊन बसलेली. विंडोजची सेटिंग बघितली, भारतच आहे. मग?

डब्ल्यूपीएफचं बाइंडिंग स्ट्रिंगफॉरमॅट करताना विंडोजला विचारत नाही. ते त्या घटकाची लँग्वेज ही प्रॉपर्टी बघतं, आणि ती मुळात अमेरिकन इंग्रजी असते. छपाईचा कोड मात्र साधा स्ट्रिंग डॉट फॉरमॅट होता, तो चालू कल्चर (विंडोजमधली भाषा-देशाची सेटिंग) घेतो, म्हणून कागदावर लाख बरोबर पडत होते. ॲप सुरू होताना फ्रेमवर्कएलिमेंटच्या लँग्वेजप्रॉपर्टीचा मेटाडेटा ओव्हरराइड करून तिथे भारतीय इंग्रजीचा टॅग दिला की सगळ्या खिडक्या एकदम सुधारतात. चालू कल्चरवरून टॅग घ्यायचा मोह होतो. पण कळमन्यात दुसऱ्या आडतीवरच्या मशीनला विंडोजच अमेरिकन बसवलेलं निघालं, त्यामुळे मी टॅग सरळ लिहूनच टाकतो.

जाता जाता: लेबलवर स्ट्रिंगफॉरमॅट चालत नाही म्हणून तासभर घालवू नका. लेबलचा कंटेंट ऑब्जेक्ट असतो, त्याला स्ट्रिंगफॉरमॅट लागू होत नाही. तिथे कंटेंटस्ट्रिंगफॉरमॅट वापरा.

आकडा मुळीच दिसत नसेल तर

वर सांगितलं ते सगळं आकडा चुकीच्या वेळी पोहोचल्याचं. रकाना कोराच असेल तर चौकशी निराळी, आणि बरीच सोपी.

बाइंडिंग मोडलं तरी डब्ल्यूपीएफ एक्सेप्शन टाकत नाही, ॲप मजेत चालू राहतं. पण व्हिज्युअल स्टुडिओच्या (आम्ही कोड लिहितो त्या साधनाच्या) आउटपुट खिडकीत एक ओळ येते: सिस्टिम डॉट विंडोज डॉट डेटा एरर ४०, अमुक प्रॉपर्टी अमुक ऑब्जेक्टवर सापडली नाही. ही ओळ नीट वाचा. तिच्यात प्रॉपर्टीचं नाव आहे तसंच ज्या ऑब्जेक्टवर शोधलं त्याचं नावही आहे. पहिलं चुकलं असेल तर झॅमलमध्ये (खिडकीची मांडणी लिहितात त्या फाइलमध्ये) टायपो. दुसरं चुकलं असेल तर डेटाकॉन्टेक्स्ट (बाइंडिंग जिथे शोधतं तो ऑब्जेक्ट) भलताच आहे, आणि तुम्ही प्रॉपर्टीचं स्पेलिंग कितीही वेळा तपासलंत तरी उपयोग नाही. व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ च्या पुढच्या आवृत्त्यांत याची वेगळी खिडकीच आहे, झॅमल बाइंडिंग फेल्युअर्स. ती उघडी ठेवून काम करा.

एरर ४० सुद्धा येत नसेल आणि आकडा दिसतही नसेल, तर त्या एकाच बाइंडिंगवर प्रेझेंटेशनट्रेससोर्सेसची ट्रेसलेव्हल हाय करा. बाइंडिंगने कुठून काय उचललं, कन्व्हर्टरने काय परत दिलं, सगळं ओळीने छापून येतं. गिऱ्हाइकाच्या मशीनवर व्हिज्युअल स्टुडिओ नसतं, तिथे माझी जुनी युक्ती: महत्त्वाच्या रकान्यांना फॉलबॅकव्हॅल्यू म्हणून तीन प्रश्नचिन्हं. बाइंडिंग तुटलं की काका फोनवर सांगतात, "तीन प्रश्न आले." कोऱ्या रकान्याची तक्रार कुणी करत नाही, प्रश्नचिन्हांची करतात.

मी आजवर पाहिलेल्या कोऱ्या रकान्यांमागे बहुतेक वेळा प्रॉपर्टीऐवजी साधं पब्लिक फील्ड निघालं आहे. गेट-सेट लिहायचा कंटाळा. बाइंडिंगला फील्ड दिसत नाही.

आणि आधी दिसतो पण नंतर बदलत नाही, असं असेल तर व्ह्यूमॉडेलकडून प्रॉपर्टीचेंज्ड इव्हेंट (आकडा बदलल्याची वर्दी; वरच्या ट्रिगरचं नाव तेच, वस्तू वेगळी) उडतोय का बघा. प्रॉपर्टीचं नाव अवतरणात हाताने लिहिलं असेल तर त्यातलं एक अक्षर चुकलं तरी कुणी सांगणार नाही. कॉलरमेंबरनेम वापरलं की तो धोका जातो. ऑब्झर्व्हेबलकलेक्शन वापरूनही यादी ताजी होत नसेल तर तुम्ही तिच्यात भर घालण्याऐवजी नवी यादीच आणून ठेवली असणार, तीही न सांगता. कोडमधून टेक्स्टब्लॉकच्या टेक्स्टमध्ये थेट काही लिहिलंत का, तेही आठवा. एकतर्फी बाइंडिंग अशा एका ओळीने कायमचं पुसलं जातं.

यादी ताजी केली आणि गाव गेलं

हा शेवटचा, आणि माझ्या मते सगळ्यात नुकसान करणारा. पट्टीवर शेतकऱ्याचं गाव एका कॉम्बोबॉक्समधून निवडतात. सिलेक्टेडआयटम व्ह्यूमॉडेलमधल्या गावाला दुतर्फी बांधलेला. कुणीतरी नवं गाव जोडलं की आम्ही गावांची यादी रिकामी करून डेटाबेसमधून परत भरायचो. यादी रिकामी झाली त्या क्षणी कॉम्बोबॉक्सकडे निवडलेलं काहीच उरत नाही. तो ते नल इमानदारीत व्ह्यूमॉडेलला कळवतो. यादी परत भरली, पण गाव गेलेलं. पट्टी उघडी असेल आणि कुणी एंटर मारलं, तर तीच पट्टी गावाशिवाय सेव्ह होते. याला ना लाल चौकट, ना एरर ४०.

यादी ताजी करण्याआधी निवडलेल्या गावाचा क्रमांक बाजूला ठेवणं आणि भरून झाल्यावर परत लावणं, एवढ्याने काम भागतं. त्याहून बरं म्हणजे रिकामी न करता नुसती नवी गावं त्यात जोडणं. परत निवडताना नवे ऑब्जेक्ट जुन्यांशी जुळत नाहीत म्हणून निवड कोरीच राहत असेल, तर सिलेक्टेडआयटम सोडून सिलेक्टेडव्हॅल्यू आणि सिलेक्टेडव्हॅल्यूपाथवर जा, किंवा गावाच्या क्लासवर इक्वल्स लिहा.

कोड दुरुस्त झाल्यावर आधीच्या चुकीच्या पट्ट्यांचं काय, हा प्रश्न उरलाच होता. मी क्वेरी लिहिली: एकाच दिवशी, एकाच शेतकऱ्याच्या, लागोपाठच्या पट्ट्या आणि वजन ग्रॅमसकट सारखं. दोन ढिगांचं वजन इतकं तंतोतंत सारखं क्वचितच भरतं. निघालेल्या पट्ट्या छापून काकांना दिल्या. त्यांनी खिळ्याला ओवून ठेवलेल्या काट्याच्या चिठ्ठ्या काढल्या, चष्मा लावला आणि एकेक जुळवायला बसले. तिसरी चिठ्ठी लावताना मान वर न करता म्हणाले, "आता ह्या दुरुस्त करतो तं एंटर मारू ना?"